चार नंबरच्या गाडीचा कायदा

उस्ताद, तुम्ही मला एक गोष्ट चुकीची शिकवलीत. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्यावरून तुमच्याशी भांडायला मी आज बसलोय. तुम्ही असतात तर समोर मान वर केली नसती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी दुबईत आहे, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे. जुलै चालू आहे. दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, हा इथला उन्हाळ्याचा कायदा. त्यामुळे आमच्या चार नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर पुठ्ठा अंथरून घोरतोय आणि मी जॉब कार्डांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. अक्षर तुम्ही ओळखाल. नववी नापास माणसाचं अक्षर सुधारायला कुणी येत नाही.

खाडीकाठच्या गावातलं तुमचं दुकान, पुढे दुकान, मागे घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. अठराव्या वर्षी मी तुमच्याकडे आलो तेव्हा एका जागी बसवत नाही, एवढाच माझा गुण होता. पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातला एसी उतरवायला नेलंत. तुम्ही पाना लावून नट सैल केलात आणि जुना गॅस सूंऽऽ करत सुटला. पितळेच्या तोंडावर पांढरा बर्फ धरला. तुम्ही त्यावर बोट फिरवलंत आणि माझ्या कपाळाला टेकवलंत. "घे पोरा, फुकटची थंडी." मी हसलो. मग विचारलं, "हा जातो कुठे?" तुम्ही पान्यानंच वर दाखवलंत. "आभाळ मोठं आहे." संपलं. पुढची दोन वर्षं आपण दोघांनी अर्ध्या तालुक्यातला जुना गॅस त्या मोठ्या आभाळात सोडला आणि प्रत्येक वेळी मला तो आवाज आवडायचा, खोटं कशाला बोलू.

नव्या गॅसचं मात्र तुम्हाला केवढं कौतुक. एकदा लग्नाच्या मोसमात मी नळी नीट आवळली नाही आणि आपण जेवून येईपर्यंत अर्धा सिलिंडर रिकामा झाला. तुम्ही मला बाजारात सगळ्यांसमोर उभं केलंत. "गॅस म्हणजे खाडीचं पाणी वाटलं काय तुला? भरती आली की परत येईल?" समोरचा पानवाला हसत होता. मी पुटपुटलो, "जुना तर आपणच सोडतो." तुम्ही हातातला तेलकट फडका माझ्या तोंडावर फेकलात. "जुना आणि नवा एक आहे काय रे, शहाण्या?"

एकच आहे, उस्ताद. तुम्ही फडका मारलात तेव्हाही एकच होता.

त्याच संध्याकाळी चाचींनी मला आत जेवायला बोलावलं. चाचींचं ते स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. गावातले सगळे फ्रीज तुम्ही चालू केलेत आणि घरच्या फ्रीजमध्ये चाची कांदे-बटाटे भरून ठेवायच्या. "घरचा दुरुस्त कर म्हटलं की ह्यांना शारजा आठवते," असं म्हणत त्या तांदळाची भाकरी थापत होत्या. तुम्ही खरंच शारजातल्या अकरा वर्षांच्या गोष्टी सुरू केल्यात. मग उठून ट्रंकेतून तिथून आणलेला, गॅसचा दाब मोजायचा गेज काढलात, काच तडकलेला, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलात. "ह्याचा काटा शून्यावर येत नाही. दोन रेघा वर थांबतो. तेवढ्या वजा करायच्या, बाकी खोटं बोलत नाही." ओरडल्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. तो गेज हीच तुमची माफी होती, हे मला विमानात बसल्यावर कळलं.

पुढच्या एप्रिलात आपण मंगल कार्यालयाच्या पत्र्यावर होतो. दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि मालक खालून सारखा ओरडत होता. मी पाईप आणायला खाली उतरलो. वर आलो तेव्हा तुम्ही एसीच्या आउटडोअर युनिटला टेकून बसला होतात आणि तुमचा शर्ट कोरडा होता. त्या उन्हात घाम आला नाही, म्हणजे काय झालंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इथे कंपनीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. लोक म्हणाले, वय झालं होतं. पंचावन्न हे काय वय आहे? चाची एवढंच म्हणाल्या की असा एप्रिल आपल्याकडे नव्हता कधी.

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी मी दुबईत आलो, तेव्हा कंपनीच्या अल क्वोजमधल्या गोदामात मला आणि आणखी वीस जणांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. शिकवणारा केरळचा होता. म्हणाला, "ये गैस ऊपर जाके बैठता है भाई. सालों बैठता है. नीचे गर्मी बढ़ाता है, धुएँ से कई गुना ज़्यादा." मी हात वर केला आणि म्हणालो, "ऊपर तो बहुत जगह है ना, सर?" सगळे हसले. तो हसला नाही. "सबने यही सोचा," असं म्हणून त्यानं पुढची स्लाइड लावली. मला एकदम तो पत्रा दिसला आणि त्यावर टेकून बसलेले तुम्ही. मी अडाणी असेन, पण आपल्याच गॅसनं तुम्हाला मारलं असं म्हणण्याइतका नाही. मात्र ते ऊन ज्यांनी ज्यांनी थोडं थोडं वाढवलं, त्यांत पाना घेतलेले आपण दोघंही होतो. हे मी म्हणणार. तुम्ही फडका फेका.

आमची कंपनी अमेरिकेतल्या कंपनीची शाखा. तिचा नियम असा होता की जुना गॅस मशीननं ओढून सिलिंडरमध्ये भरायचा, वजन करायचं आणि साफ करायला पाठवायचा. मशीन तांदळाच्या अर्ध्या गोणीएवढं जड. प्रत्येक छतावर ते चढवायचं, पाऊण तास थांबायचं. सुरुवातीला मी शिव्या देत ओढायचो. मग सवय झाली. मग आवडायला लागलं. तुमचा तो सूंऽऽ आवाज येत नाही, काटा सावकाश खाली जातो आणि काही म्हणजे काही सुटत नाही.

या उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या मॅनेजरनं सगळ्यांना यार्डात उभं केलं. तो नाशिककडचा, सगळ्यांशी हिंदी, माझ्याशी मराठी. "हेड ऑफिस का मेल आया है. उधर अमेरिका में गवर्नमेंट ने क्लाइमेट के बहुत सारे रूल वापस ले लिए. अब हमको गैस का रिपोर्ट नहीं भेजना. सब मशीन कल तक स्टोर में." मागून कुणीतरी विचारलं, "और पुराना गैस, सर?" "खोल दो. खलास." मी मराठीत विचारलं, "साहेब, पण इथला नियम?" "इथला नियम मी बघतो. तू पाने बघ." मराठी न कळताही, सूर ऐकूनच सगळे हसले. त्या दिवसापासून दिवसाला तीन जॉबचे पाच झाले.

मी मशीन जमा केलं नाही. दुसऱ्या दिवशी याच टॉवरच्या छतावर ते लावून बसलो होतो, सकाळी सात वाजता, तरी पाठ भाजत होती. बिल्डिंग बघणाऱ्या मॅडम वर आल्या. पंचविशीतल्या, आईवडील साताऱ्याचे, जन्म दुबईचा. मराठी बोलतात, पण दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजीत उतरतात. "तुम्ही लोक हे बंद करणार होता ना? आय गॉट द मेल." मी म्हटलं, "कंपनी बंद करतेय. मी नाही." मग विचारलं की तिकडे अमेरिकेत सगळ्यांनीच नियम सोडले का. त्या आउटडोअरच्या सावलीत उभ्या राहिल्या. "नाही, नॉट एव्हरीवन. वरच्या सरकारनं मागं घेतले. पण काही स्टेट्स आहेत, सिटीज आहेत, ते म्हणतात तुम्ही सोडा, आमच्याकडे आमचा रूल राहील. कोर्टात भांडतायत."

"म्हणजे वरच्यानं सोडलं तरी खालचा धरून ठेवू शकतो?"

"ट्राय तर करतायत."

"किती खालचा चालतो? राज्य, शहर, मग?"

त्यांनी खांदे उडवले. "आय डोन्ट नो. एखादी बिल्डिंगपण करू शकते, आय गेस."

"आणि गाडी?"

त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "गाडी? व्हाय नॉट?"

मी खाली आलो आणि ड्रायव्हरला सांगितलं. तो पेशावरचा पठाण, माझ्या दुप्पट वयाचा, मशीन चढवताना एक टोक त्याच्या हातात असतं. "आज से चार नंबर गाड़ी का अपना कानून है," मी म्हणालो. "पुराना गैस ऊपर नहीं जाएगा, नीचे उतरेगा." त्यानं दाढी खाजवली. "कानून तेरा, कमर मेरी?" "हाँ." "बादशाह कौन है इस गाड़ी का?" "तू." मग तो खूश झाला. "तो लिख." मी मार्करनं मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं. पाच जॉब पुरे व्हावेत म्हणून आम्ही पहाटे चारलाच निघायला लागलो. "यल्ला, कानून साहब, उठ," असं म्हणत तो रोज माझ्या खाटेला लाथ घालतो.

मागच्या आठवड्यात मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. स्टोअरच्या यादीत एक मशीन कमी होतं. कुठे आहे, ते त्याला माहीत होतंच. दार लावून म्हणाला, "बस. पाणी घे. तुला काय झालंय? जॉब पुरे करतोस, म्हणून इतके दिवस बोललो नाही. पण मशीन काल मागितलं की काल यायला पाहिजे. जगाचा ठेका घेतलायस?"

"चार नंबरच्या गाडीचा घेतलाय."

"शहाणपणा नको. तुझं व्हिसाचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, माझ्या सहीनं. सही झाली नाही तर घरी जाऊन हवामान सुधारत बस."

घरी मी पाठवतो त्यावर चार माणसं जेवतात आणि परत जाऊन करायला मला तुमच्या दुकानाशिवाय काही माहीत नाही, आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. तरी तोंडातून निघालं, "साहेब, इथला नियम तुम्ही बघतो म्हणाला होतात. बघितलात?"

तो खुर्चीत मागे टेकला आणि जरा कुतूहलानंच विचारलं, "नववी नापास ना तू? तुला हे शिकवलं कुणी?"

उस्ताद, तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. म्हणालो, "माझ्या उस्तादांनी. गावाकडे. ते म्हणायचे, जुना आणि नवा गॅस एकच. वर सोडायचा नाही. आभाळ दिसतं तेवढं मोठं नाही."

मॅनेजरनं हातातलं पेन खाली ठेवलं. "जिवंत आहेत?" "नाही. पत्र्यावर ऊन लागून गेले." त्यानं मान खाली घातली, म्हणाला, "जा, कामाला लाग." मशीनचा विषय काढला नाही. सहीचाही नाही. सही अजून झालेली नाही. होईल, इन्शाल्ला, असं ड्रायव्हर म्हणतो, पण तो प्रत्येक गोष्टीला तसंच म्हणतो. इकडे मॅडमनी या टॉवरच्या कराराला एक ओळ जोडून घेतलीय, आमच्या छतावरचा गॅस वजन करूनच खाली आला पाहिजे. केबिनमधलं बोलणं मी ड्रायव्हरला सांगितलं होतं, त्यानं ते यार्डभर केलं. आणि काल बघतो तर दोन नंबर आणि सहा नंबरच्या गाडीत मशीनं परत चढलेली. विचारलं तर म्हणाले, "तेरे उस्ताद का कानून है ना? वही चला रहे हैं."

नाही झाली सही, तर जाईन. पण जाईपर्यंत माझ्या हातून एक श्वासभर गॅस वर जाणार नाही. तुमचा गेज अजून वापरतो. काटा दोन रेघा वर थांबतो, मी दोन रेघा वजा करतो आणि बाकीच्यावर विश्वास ठेवतो. तुमच्या बाबतीतही तेच केलं.

तीन वाजत आले. ड्रायव्हर उठला, तोंडावर पाणी मारतोय. ही कार्डं पाठवायची तरी कुठे? चाची लेकीकडे गेल्या आणि खाडीजवळच्या कबरस्तानात टपाल येत नाही. मशीनच्या खोक्यात तळाशी घालून ठेवीन. फक्त एक कबूल करतो. त्या दिवशी केबिनमध्ये मी तुमच्या नावावर साफ खोटं बोललो आणि आता तीन गाड्या त्या खोट्यावर चालतात. मागे घेणार नाही, उस्ताद. तुम्ही अजून चार वर्षं जगला असतात, तर हेच म्हणाला असतात; आणि नसतात म्हणाला, तर मी तुम्हाला म्हणायला लावलं असतं.