शेपट्या कापलेली गाठ

४ जानेवारी, रविवार
आजपासून सॉफ्ट शॅकल. म्हणजे दोरीचीच कडी. एका टोकाला फास, दुसऱ्याला गाठ. गाठ फासात अडकवली की काम झालं. आमच्या कॅम्पिंगच्या सामानात यापुढे लोखंड दिसणार नाही. बायको म्हणाली, आधी पडद्याची दोरी लाव. व्हिजन नाही.

११ जानेवारी
गाठ जमली. जवळजवळ. व्हिडिओवाला म्हणतो, गाठीबाहेरची टोकं लांब ठेवा आणि वापरण्याआधी गाठ जोरात ताणून घट्ट करा. लांब टोकं उंदराच्या शेपट्यांसारखी दिसतात. कापली. ताणायचं उद्या.

१७ जानेवारी
ताणायचं राहिलं. ऑफिसातल्या प्रेस्टनला मात्र एक जोडी देऊन टाकली, त्याच्या हॅमॉकसाठी. अभयच्या हातात कला आहे, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता.

२५ जानेवारी, रविवार
कर्जतला कॅम्प. प्रेस्टन दोन झाडांमधल्या हॅमॉकमध्ये बसला आणि थेट खाली. माकडहाडावर. मी धावत जाऊन आधी शॅकल उचलली, मग प्रेस्टनला. दोरी शाबूत, गाठ सुटलेली. खिशात टाकली.
तो कण्हत म्हणाला, "सॉरी यार. माझं वजनच जास्त झालंय. तुझी मेहनत फुकट गेली."
मी म्हणालो, असू दे.
म्हणजे मी त्यालाच माफ केलं.

२८ जानेवारी
प्रेस्टन ऑफिसात रबरी रिंगवर बसतो. पोर्क सोडलं. डब्यात काकडी. त्याच्यासमोर कोलंबीभात जाईना. अर्धाच खाल्ला. उद्या सांगतो.

२९ जानेवारी
सांगणार होतो, साहेब आले. आणि खरं बघता तो हलका असता तर गाठ सुटलीही नसती. म्हणजे तो अगदीच चुकीचा नाही.
झोप नाही.

१४ फेब्रुवारी
प्रेस्टन आता रोज पहाटे शिवडीपर्यंत चालतो. फ्लेमिंगोंचे फोटो पाठवतो. एकेक फोटो म्हणजे समन्स. अंगठा पाठवला.

२२ फेब्रुवारी, रविवार
काल म्हणाला, वजन उतरलंय, आता परत एक जोडी बनव, नेरिसाला झोका बांधायचाय. नेरिसा त्याची मुलगी. दुसरीत आहे.
सकाळी तडक परळला त्याच्या घरी. तो चर्चला गेलेला. त्याची बायको नॉर्मा होती. तिलाच एका दमात सगळं सांगितलं. डोळे भरून आले माझे. तिने शांतपणे चहा ठेवला.
"माहितेय मला. दुसरी शॅकल हॅमॉकलाच राहिली होती. मी हाताने ओढली, गाठ उकलली. पण त्याला आता बोलू नकोस. त्याची शुगर पहिल्यांदा खाली आलीय."
विचारलं, मग मी काय करू?
"झोक्याला मी लोखंडी कडी लावते. तू उद्यापासून त्याच्याबरोबर चालायला जा. एकटा कंटाळतो."

२३ फेब्रुवारी
गेलो. गुडघे संपले. माझी शॅकल तोडल्याचं त्याला अजून किती वाईट वाटतं, हे तो शिवडी येईपर्यंत सांगत होता. मी मध्येमध्ये असू दे म्हणत होतो. परतताना वडापावची गाडी लागली. गरम घाणा निघत होता. मी थांबलो. प्रेस्टनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीवाल्याला म्हणाला, आपल्याला नको.
आपल्याला.