आत कोण आहे

४ फेब्रुवारी

नोकरी लागली. कोल्ड स्टोरेजमध्ये क्रेट ओढायची. नवा कोट मिळाला, गुडघ्यापर्यंत, टोपीसकट. जाड हातमोजे मिळाले. सगळं चढवून आरशात पाहिलं तर साक्षात अस्वल. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

मॅनेजरने विचारलं, थंडी सोसेल का. मी म्हटलं, नवरा सोसला, थंडी काय चीज आहे. त्याला ते आवडलं. गळ्यात घालायचं कार्ड दिलं. ते दाराला लावलं की दार उघडतं, जातानाही आणि येतानाही. कम्प्युटर नवा नंबर द्यायला फार वेळ खातो, म्हणून आधीच्या बाईचा रिकामा पडलेला नंबरच माझ्या नावावर चढवला. त्या बाईला आता तो लागत नाही, असं मॅनेजर म्हणाला. हसत म्हणाला.

ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. मागच्या वर्षी याच थंड खोलीत गोठून मेली. कंपनीने सांगितलं, न विचारता आत गेली, चूक तिचीच. चोराच्या उलट्या बोंबा. आमची आडनावं वेगळी, त्यामुळे मी तिची थोरली हे इथे कुणाला माहीत नाही. वकील म्हणाला होता, पुरावा नाही, जे दिसेल ते तारीख घालून लिहीत जा. मी चौथी शिकलेली. तरी लिहिते. दार कुणी बंद केलं एवढंच मला हवं आहे. पुढचं वकिलाला विचारणार नाही.

तिचा नंबर गळ्यात आहे. बरं वाटतं. तिचा हात धरल्यासारखं.

७ फेब्रुवारी

काम कळलं. खोली शाळेच्या सभागृहाएवढी, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर मटार आणि मक्याच्या दाण्यांचे क्रेट. आत पेनची शाई गोठते, म्हणून सगळे पेन्सिल वापरतात. मी वहीसुद्धा कोटाच्या खिशात ठेवते, घरी ठेवली तर सून वाचेल.

दाराबाहेर भिंतीवर कम्प्युटरचा पडदा आहे. त्यावर आत कोण आहे त्यांची नावं येतात. यादी रिकामी झाली की आतले दिवे आपोआप विझतात, विजेची बचत. आतल्या बाजूला दाराला एक दांडा आहे, कार्ड चाललं नाही तर तो ढकलून बाहेर पडायचं. तो दांडा मोडून तारेने बांधलाय.

पॅकिंगच्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. न विचारता सांगितलं की माझ्या आधीची त्या दांड्यावरून मॅनेजरशी भांडली होती. इन्स्पेक्टरला आणते म्हणाली होती. त्याच दिवशी मेली. एवढं बोलून तिने जीभ चावली आणि माझ्यासाठी चहा आणला.

११ फेब्रुवारी

इथला कम्प्युटर म्हणजे गाभण म्हैस, हलता हलत नाही. एक क्रेट कुठल्या फळीवर आहे एवढं विचारलं की चकरी फिरत राहते. मी चिडून पडद्यावर थापटी मारली. तेव्हा ऑफिसातून एक चष्मेवाला पोरगा बाहेर आला, सगळे त्याला चष्मिस म्हणतात. तोच तो कम्प्युटर सांभाळतो. वाळकुडा, बोटं नखं खाऊन लाल झालेली. मला मावशी म्हणतो.

त्याने समजावलं. स्वयंपाकघरात शंभर डबे आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही असं समजा. हळद पाहिजे तर प्रत्येक डबा उघडायचा. चिठ्ठ्या असल्या की हात सरळ हळदीवर. त्या चिठ्ठ्यांना हे लोक इंडेक्स म्हणतात. मी म्हटलं, मग चिकटव की बाबा चिठ्ठ्या, हात दुखतात का. तो म्हणाला चिकटवल्यात, मावशी. तरी मागे कुठलातरी एक प्रश्न सारखा चालू असतो, तोच सगळ्यांना अडवतो. बंद केला की पुन्हा सुरू होतो. कुठला प्रश्न, विचारलं. तर गडी नखं खायला लागला.

१३ फेब्रुवारी

आज आत एकटीच होते. बाहेर आले तर पडद्यावर दोन नावं. एक माझं. दुसरं धाकटीचं.

थोड्या वेळाने माझं गेलं. तिचं तसंच.

चष्मिसला दाखवलं. त्याची पाचावर धारण बसली. त्याने ते नाव पुसलं. पुन्हा आलं. पुसलं, आलं. मी विचारलं, पुसलेलं परत कसं येतं. तो म्हणाला यात ट्रिगर असतात. उंदराच्या सापळ्यासारखं, मावशी. पावाचा तुकडा ओढला की दांडी आपोआप पडते, कुणी पाडावी लागत नाही. तसं इथे एक गोष्ट केली की दुसरी आपोआप होते. पण नाव परत आणणारा ट्रिगर त्याने बसवलेला नाही. शपथ घेतली.

मग तू कुठला बसवलास, मी विचारलं.

तो उठून गेला.

१४ फेब्रुवारी

आज त्याला जेवणाच्या सुट्टीत धरलं. मी तिची थोरली बहीण आहे, असं तोंडावर सांगितलं. त्याच्या हातातला घास हातात राहिला. मग सगळं ओकला.

कामावरून माणूस काढला की त्याचं नाव पुसायचं. नाव पुसलं की त्याचं कार्ड मरतं आणि आत कोण आहे त्या यादीतूनही तो जातो. हा ट्रिगर याने बसवलेला. म्हणून नाव पुसण्याआधी कम्प्युटरला विचारायचं असतं, आत कोण आहे. तेव्हा डब्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. प्रश्न टाकला, चकरी फिरत राहिली. मॅनेजर डोक्यावर उभा. म्हणाला, ती बाई आत्ताच्या आत्ता कामावरून बाहेर पाहिजे, उत्तराची वाट कसली बघतोस. यानं उत्तर यायच्या आधी नाव पुसलं.

ती आत होती. कार्ड मेलं, दिवे गेले, दांडा मोडलेला.

चष्मिस रडत म्हणाला, तोच प्रश्न अजून चालू आहे, मावशी. त्या दिवशीचा. उत्तर न मिळालेला.

मी त्याला मारलं नाही. का ते माहीत नाही. बहुतेक सगळा राग एका माणसासाठी राखून ठेवलाय.

१६ फेब्रुवारी

आज आत तिच्याशी बोलले. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

लहानपणी हिला अंधाराची भीती. झोपताना माझी वेणी मुठीत धरायची. सोडवायला गेलं की आणखी ओढायची. आणि लपाछपीत एवढी बावळट की कपाटात लपायची आणि कोण आहे आत विचारलं की आतून ओरडायची, कोणी नाही. आम्ही हसून हसून लोळायचो.

मागच्या फळ्यांपाशी उभी राहून मी तिला म्हटलं, ज्यानं केलं त्याला आणून देते. मग घरी चल.

टोपीच्या आत माझी वेणी कुणीतरी धरली. हळू. ओळखीच्या हाताने.

बाहेर येताना ती सुटेना. हिसडा दिला तेव्हा सुटली. केस तुटले.

१९ फेब्रुवारी

झालं.

सकाळी मॅनेजरला सांगितलं, मागच्या फळीवरचे क्रेट सुटलेत, मटार काळा पडलाय. शिव्या घालत आत गेला. साधा कोट घालून, पटकन येतो म्हणाला. मी बाहेर थांबले. पडद्यावर त्याचं नाव होतं. मग आपोआप पुसलं गेलं. चष्मिस तिकडे वडापाशी चहा पीत होता, खिडकीतून मला दिसत होता. कुणी काही दाबलं नव्हतं.

दिवे गेले. दारावर धपके बसायला लागले.

माझं कार्ड माझ्या हातात होतं. लावलं नाही.

चष्मिस धावत आला. दार उघडा म्हणाला, त्याचं कार्ड लागत नव्हतं. मी दाराला पाठ लावून उभी. म्हटलं, आधी कम्प्युटरला विचार आत कोण आहे. या वेळी उत्तर येऊ दे.

त्याने विचारलं. चकरी फिरत राहिली. धपके हळू झाले. मग थांबले. मग उत्तर आलं.

कोणी नाही.

२० फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. असेल. पॅकिंगची बाई म्हणते, त्याची बोटं मोडलेल्या दांड्याच्या तारेत अडकली होती.

रात्री छान झोप लागेल वाटलं होतं. उठले तेव्हा वेणी ओली आणि बर्फासारखी गार.

२२ फेब्रुवारी

तिचं नाव अजून यादीत आहे. मी सांगितलं होतं ना, घरी चल. का जात नाही.

खाली चष्मिसचंही नाव आलंय. तो आत गेलेलाच नाही, खुर्चीवर बसलाय, आणि पडदा म्हणतो तो आत आहे. त्याची मला कीव आली. माफ केलं असं नाही. पण बास झालं. मी तिला तसं बोलले, मोठ्याने. बास झालं गं.

वेणीला हिसका. रागाचा.

२३ फेब्रुवारी

चष्मिस उद्या सगळं पुसणार. सगळे ट्रिगर, आणि तिच्या नंबरावर जे जे आहे ते मुळासकट. मग नोकरी सोडणार. म्हणाला, मावशी, या वेळी आधी विचारतो. आत कोण आहे. उत्तर आल्याशिवाय हात लावणार नाही. मी म्हटलं, शहाणा आहेस.

जाण्याआधी तिचा निरोप घ्यायला पाहिजे. काही झालं तरी पाठची बहीण.

२४. सकाळ

आत आले. तिला म्हटलं, आता जा बाई, तुझं काम झालं. वेणी धरली तिनं. धरू दिली. शेवटचीच म्हणून—

दिवे गेले.

हाताच्या अंदाजाने लिहिते आहे. दारापाशी आले. कार्ड लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. तिचा नंबर. तिच्या नंबरावर जे जे आहे ते—

तो माझ्याही गळ्यात आहे. चष्मिस विसरला. मीपण.

पण त्याने विचारलं असणार. विचारतो म्हणाला होता. मग उत्तर काय—

दांडा तारेत. ओढते आहे. बोटं कळत नाहीत

वेणी सोड गं. सोड. आई घरी वाट बघ

बाहेर पावलं. चष्मिस आहे. दारावर टकटक करतोय. तोंडाने विचारतोय, आत कोण आहे

मी आहे म्हणून ओरडायला गेले. आवाज फुटत नाही, घसा

तो पुन्हा विचारतोय. मावशी, आत कोण

माझ्या कानापाशी ती हसली. लहानपणीसारखी. आणि मोठ्याने म्हणाली को