मोगरा, क्र. १ ते ५

गुरुवार, १७ एप्रिल १९७५

रोजनिशी लिहायची मला सवय नाही. ही वही उघडली ती करीमभाई अत्तरवाल्यांमुळे. ते म्हणतात, तोंडी सांगितलेला वास हवेत जातो, कागदावर असेल तर बघू. तेव्हा कागदावर.

हकीकत अशी. फाल्गुनातल्या एका लग्नात त्यांच्या दुकानचा मोगरा पाहुण्यांच्या हाताला लावला. लावताना उत्तम. पंगती उठेपर्यंत सगळ्यांच्या हातांना एरंडेलाचा वास. वरपक्षातले कोणी म्हणाले, "जेवण जड होईल म्हणून यांनी जुलाबाचीही सोय केलीय." ते वाक्य दोन दिवसांत शुक्रवार पेठभर झाले. करीमभाईंनी खापर मुलीवर, रझियावर, फोडले. म्हणे तिने तेल बदलले. रझिया माझी विद्यार्थिनी. लहानपणापासून बापाशेजारी बसून अत्तर मिसळत आली, लग्नानंतरही रोज दुपारी दुकानी. आता तिला गादीवर बसायला बंदी. अक्षयतृतीयेला अक्कलकोटला मोठे लग्न आहे, त्याची ऑर्डर हातात. ती पार पडली की गुलबर्ग्याहून भाचा येणार आणि दुकान त्याच्याकडे जाणार.

र. आज चार निळ्या बाटल्या घेऊन आली. चारही मोगरा, चारही फाल्गुनातल्या. दोन तिने मिसळलेल्या, दोन वडिलांनी. कोणती कोणाची ते लिहून पाकिटात बंद केले. ते पाकीट मी फोडायचे नाही.

"मीच का?" विचारले.

"अब्बा म्हणतात, बाईंनी कधी कुणाला फुकट मार्क दिले नाहीत. आणि तुमचा हात कोरा आहे, बाई. पावडर नाही, वासाचा साबण नाही."

खरे आहे. एकतीस वर्षांत हळदीकुंकवात माझ्या हाताला कोणी अत्तर लावलेले नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

पद्धत ठरवली. डावा हात, आतली बाजू, मनगट ते कोपर चार जागा. शाईने आकडे. काचेच्या काडीने एकेक थेंब. वास घ्यायचा तो ओला असताना, मग पाव तासाने, एक तासाने, तीन तासांनी. दोन वासांमध्ये अंगणात जाऊन यायचे, नाहीतर सगळे एक होते.

सकाळी नळ आला. हात स्वच्छ धुऊन सुरुवात केली.

ओले: चारही जवळजवळ सारखे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा. देठाचा हिरवा वासही आहे.
पाव तास: फूल थोडे मागे सरते.
एक तास: चारही ठिकाणी काहीतरी उग्र. नाकात चढणारे.
तीन तास: तेच, स्पष्ट. दवाखान्याची पुसलेली फरशी.

निष्कर्ष: चारही खराब.

शनिवार, १९ एप्रिल

र. ला सांगितले.

"माझ्याही?"

"कोणती कोणाची मला माहीत नाही. चारही."

 चहा तसाच ठेवून उठली. दारात म्हणाली, "मग भाच्याला लवकरच बोलवा म्हणते अब्बांना."  निकाल तो निकाल.

रविवार, २० एप्रिल

सकाळी गंगू भांडी घासत होती. मी वही पुढ्यात घेऊन बसले होते. तिने विचारले काय लिहिता, म्हणून सांगितले आणि डावा हात पुढे केला. अत्तर कालच धुऊन टाकले होते, तरी तो उग्र वास होताच. तिने हुंगले आणि हसायला लागली.

"बाई, ह्यो अत्तराचा वास न्हाय. नळाचा हाय. औशिद लई टाकलंय पान्यात. माज्या हाताला बी येतोय की, मी कुटं अत्तर लावलंय?"

तिचा हात हुंगला. माझा उजवा हुंगला. तोच वास. ब्लीचिंग पावडर. उन्हाळ्यात पाणी तिसऱ्या दिवशी येते आणि त्यात पावडर ओतलेली असते, हे सोलापुरात पोराटोरांना माहीत आहे. मी त्याच पाण्याने हात धुऊन चार बाटल्यांना नापास केले.

कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवले होते, तपासताना एक नळी कोरी ठेवावी. ती ठेवली असती तर कोऱ्यावरही हाच वास आला असता आणि तेव्हाच कळले असते. बी.एस्सी. झाल्याला किती वर्षे झाली हे काही कारण नव्हे.

दुपारी उन्हातून स्वतः र. च्या घरी गेले. सांगितले, कालचा निकाल रद्द, चूक माझी.

ती म्हणाली, "बाई, शाळेत तुम्ही कधी चुकलेल्या आठवत नाही."

"तपासायला कोणी नव्हते."

सोमवार, २१ एप्रिल

औषधाच्या दुकानातून बिनवासाचे लिक्विड पॅराफिन आणले. र. कडून तशीच निळी बाटली मागवली, स्पिरिटने धुतली, भरली. ही कोरी. क्र. ५. थेंब हातावर टाकला तर डोळ्यांना अत्तर कोणते, हे कोणते, कळत नाही. नाकालाच कळावे.

पाणी मारुतीच्या देवळामागच्या आडाचे. गंगूने दोन घागरी आणून दिल्या. तिलाही म्हटले, तुझाही हात दे, एका कातडीवर भरवसा नको.

"माज्या हाताला अत्तर? रांडमुंड बाई मी. लोक काय म्हनत्याल?"

"माझ्या हाताला लागलेच आहे. दोघींबद्दल एकदमच म्हणतील, त्यांचा वेळ वाचेल."

तिने पदराने हात पुसला आणि पुढे केला.

मंगळवार, २२ एप्रिल

माझा हात.

क्र. १. ओला: गजरा. पाव तास: फूल उमलल्यासारखे, गोड. एक तास: फूल ओसरले, खाली चंदन. तीन तास: फक्त चंदन, सहाणेवर उगाळून वाळलेले. कातडी कोरडी.
क्र. २. ओला: गजरा, कदाचित क्र. १ पेक्षाही सुरेख. पाव तास: ठीक. एक तास: गोडवा जड होतो. तीन तास: एरंडेल. शंका नाही. लहानपणी नाक दाबून प्यालेले आहे. बोट लावले तर चिकटते.
क्र. ३. क्र. १ प्रमाणे. चंदन किंचित कमी, पण शुद्ध.
क्र. ४. क्र. २ प्रमाणे. एरंडेल जरा उशिरा.
क्र. ५. काही नाही.

ओल्या वासावर कोणीही फसेल. विकणारा काडी लावतो, घेणारा हुंगतो, पैसे देतो, हे सगळे पाव तासाच्या आत होते. खरे काय ते वाळल्यावर. करीमभाईंची ख्याती तीच होती. ते गिऱ्हाइकाला म्हणत, लावून घरी जा, संध्याकाळी येऊन पैसे द्या.

बुधवार, २३ एप्रिल

गंगूचा हात. चुलीपुढे काम, घाम. क्र. १ आणि ३ तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त टिकले, फूल तीन तासांनीही थोडे होते. बहुधा माझी कातडी कोरडी म्हणून. क्र. २ आणि ४ तिच्या हातावर तासाभरातच. ती स्वतःच म्हणाली, "ह्ये दोन येरंडेल हायती. कुनी बी सांगंल." क्र. ५ बद्दल विचारले तर म्हणाली, "ह्यात काय बी न्हाय. पानी हाय का?"

दोन हात, एकच निकाल.

गुरुवार, २४ एप्रिल

वरच्या मजल्यावर चैत्राचे हळदीकुंकू. मला आंब्याची डाळ आणि पन्हे खाली पाठवतात, तसे पाठवले. ते घेऊन वरच्या सुलूताई स्वतः आल्या.

"बाई, जिन्यात मोगरा दरवळतोय. या वयात काय बेत?"

"प्रयोग."

"कसला?"

"अजून संपला नाही."

शुक्रवार, २५ एप्रिल

चारच्या सुमारास करीमभाई आले. र. बरोबर होती, दारातच थांबली.

"बाई, नाक का काम कागज पे नै होता," म्हणाले. "पन्नास साल हो गए. लाओ, मैं देखता हूँ. तुम लिखो."

पाचही बाटल्या ताटात ओळीने होत्या. क्र. ५ काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. र. ला ठाऊक होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी वही उघडली.

त्यांनी एकेक थेंब हाताच्या पालथ्या बाजूला लावला, हात हवेत हलवला, डोळे मिटून हुंगला. कसब पाहण्यासारखे.

क्र. १. "अच्छा."
क्र. २. "बढ़िया. ये मेरा होना." तासभर बसले. पुन्हा हुंगून तेच म्हणाले. तोवर एरंडेल मला खुर्चीतून येत होते.
क्र. ३. "रझिया का. हल्का हाथ है."
क्र. ४. "ठीक."
क्र. ५. बराच वेळ हात नाकाशी. "मोगरा है. जरा कच्चा है, पर बैठेगा."

लिहिले. तिसऱ्या बाटलीपर्यंत मला कळून चुकले होते. पाचवी उचलण्याआधी थांबवता आले असते. थांबवले नाही.

जाताना र. ने नाकाला पदर लावलेला बघून म्हणाले, "चाय जल गई क्या, बाई? नै?" मी म्हटले, नाही. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपले होते.

शनिवार, २६ एप्रिल

र. एकटी आली.

"तुला माहीत होते," म्हटले.

"दिवाळीच्या तापानंतर नाक गेलं, बाई. अम्मी कालवणात मीठ-तिखट विचारते, वासाचं आता विचारतच नाही. चंदनतेलाचा नवा डबा अब्बांनी स्वतः हुंगून घेतला. त्यात अर्धं एरंडेल. पूर्वी डबा उघडण्याआधी झाकणावर ओळखायचे. मी जुन्या डब्यातलं वापरलं."

"मग सांगितले का नाही?"

"काय सांगू? मुलगी दुकानासाठी बापाला बिननाकाचा म्हणते, असंच झालं असतं. आणि तेही मानले नसते. तुम्ही लिहिलं तर..." 

थोड्या वेळाने म्हणाली, "पाच नंबरचं पान नका देऊ त्यांना."

"का?"

"दोन आणि चार पुरे आहेत. तेवढ्यावर मी गादीवर बसेन. पाच वाचलं तर ते बसणार नाहीत. भाचा शिकेल, मीही शिकवीन, पण अब्बांना नाकाशिवाय दुसरं काय येतं?"

विचार करते म्हटले.

रविवार, २७ एप्रिल

क्र. १ पुन्हा, उजव्या हातावर. तेच.

ते पान फाडणे सोपे आहे. आधीच्या पानाला धक्का लागणार नाही. पण क्र. ५ काढून टाकला तर क्र. २ ला अर्थ राहत नाही. ते म्हणतील, बाईंची आवड वेगळी, माझी वेगळी. चुकीचा निकाल एकदा देऊन झाला आहे. आता अर्धा निकाल द्यायचा?

सोमवार, २८ एप्रिल

पाने स्वच्छ लिहून काढली. डाव्या बाजूला माझे व गंगूचे मत, उजव्या बाजूला करीमभाईंचे, त्यांच्याच शब्दांत. पाचही. टीप लिहिली नाही. क्र. ५ समोर माझ्या बाजूला 'वास नाही' एवढेच.

गंगू म्हणाली, "म्हाताऱ्याला लागंल, बाई."

"लागेल."

"मग?"

"अक्कलकोटच्या लग्नात चारशे हातांना लागण्यापेक्षा बरे."

ती म्हणाली, "तुमचं बोलनं लई वाळलेलं हाय बगा," आणि आडाचे पाणी आणायला गेली.

मंगळवार, २९ एप्रिल

सकाळी दहाला करीमभाई एकटेच आले. बसा म्हटले, बसले. म्हणाले, वाचून दाखवा. मराठी वाचता येते त्यांना, तरी.

वाचले.  क्र. ४ ला टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. क्र. ५ ला म्हणाले, "ये पाच नंबर किसका है? मेरा या रझिया का?"

"माझा. औषधाच्या दुकानातले तेल. त्याला वास नसतो."

रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला. मग म्हणाले, "और मैं क्या बोला था?"

वाचले: मोगरा आहे, जरा कच्चा आहे, पण बसेल.

"काटा नै तुमने?"

"नाही."

"रझिया बोली होगी काटने को."

मी पान उलटले. त्यांनी मान हलवली.

मी म्हटले, डॉक्टरांना दाखवा, कधी कधी परत येते. म्हणाले, "आया तो बोलूँगा." पुढे म्हणाले, "अक्कलकोट का माल बारा दिन बैठना. आज चढ़ाना पड़ेगा." माल मिसळून मुरायला कोण ठेवणार ते बोलले नाहीत. 

त्यांना दिले:

१. लिहिलेली पाने, सात. एकही कमी नाही.
२. निळ्या बाटल्या, पाच. बुचे घट्ट, क्र. ५ सह.
३. रझियाचे पाकीट, बंद. त्यांनी फोडले नाही, खिशात घातले.
४. काचेची काडी, एक.

दिल्याची नोंद करून त्यांच्यापुढे वही सरकवली, घेणाऱ्याची सही हवी म्हणून. पेन घेतले, थोडा वेळ धरले, परत ठेवले.

"सही रझिया करेगी," म्हणाले.

साडेसहा वाजले. र. अजून आलेली नाही. सहीची जागा ठेवली आहे.