भुरीचं रविवारचं वजन

मालेगाव (जहाँगीर), जि. वाशीम
मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय साक्षी, माझ्या लेकी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. मोबाईल असताना आई पत्र काहून लिहून राह्यली, असंच तुझ्या मनात आलं असेल. हे मला फोनवर बोलवणार नाही, आणि मेसेजमध्ये लिहिलं तर दोन ओळींनंतर तू पुढचं वाचणार नाहीस. हातात कागद असला की माणूस शेवटपर्यंत वाचतं, अशी माझी आपली समजूत. म्हणून आज अंगणवाडीतून आल्या आल्या लिहायला बसले. चहासुद्धा मांडला नाही.

इकडची खबर आधी सांगते. बाबांचा भाजीचा तुकडा यंदा शेजारच्या केशरबाईच्या घरच्यांना करायला दिला. मेथी, सांभार (तुमच्या पुण्याची कोथिंबीर) चांगला आला, वांगी मात्र किडली. तुझ्या खोलीचं दार पावसाने फुगलं होतं, ते अजून नीट लागत नाही. माझा गुडघा दुखतो, पण अंगणवाडीपर्यंत चालवतं. आणि तुझी मांजर, भुरी. तुला तेच वाचायचं आहे हे मला ठाऊक आहे. तेच सांगायला बसले आहे, पण मला सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर मधेच माझा धीर सुटेल.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मी न्हाऊन अंगणात केस वाळवत होते, तेव्हा तुझा मेसेज आला. दीड वर्षानंतरचा पहिला. "भुरीचं वजन किती आहे?" एवढाच. हर्षलमामाने स्टेटसला आपल्या घराचा फोटो लावला होता, त्यात ओट्यावर बसलेली भुरी तुला पुण्यात बसून हडकलेली दिसली. मी रोज तिच्याजवळ असून मला दिसली नव्हती. मी लिहिलं, "बरी आहे." तुझं लगेच उत्तर आलं, "तुझ्या बरी आहे-वर माझा विश्वास नाही. काट्याचा फोटो पाठव." खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. दीड वर्षात माझ्या लेकीने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, मी तेवढंच पाहिलं.

बाबांचा भाजी मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा माळ्यावरून काढला, पुसला, चार्ज केला. टोपलीत तिचं फडकं अंथरून काटा शून्यावर आणला आणि भुरीला बसवलं. तीन किलो दहा ग्रॅम. एके काळी चारच्या वर होती ती, उचलली की हात भरून यायचा. मग तुझं फर्मान आलं: दर रविवारी, सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. "तिचे शंभर ग्रॅम म्हणजे माणसाचं दीड किलो, आई. गंमत नाही." तू दवाखान्यातली नर्स आणि मी अंगणवाडीवाली, वजनाची उतरती रेघ काय सांगते ते दोघींनाही कळत होतं. बावीस वर्षं मी लेकरं काट्यावर बसवते आहे. एकाचंही वजन मी कधी अंदाजाने लिहिलं नाही.

तू सांगितलंस म्हणून जूनमध्ये तिला वाशीमला नेलं. एसटीत पिशवीतून. कंडक्टरने विचारलं, "बाई, पिशवीत काय हाये?" मी म्हटलं, "पेशंट हाये." तो हसला आणि पुढे गेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडनी थकली आहे म्हणाले. बारा वर्षांच्या मांजरीची ती बरी होत नाही, फक्त जपायची. दूध-पोळी बंद, मीठ बंद, उरलंसुरलं देणं बंद. तिच्या आजाराचं खाणं पाकिटातून आणलं, ते दिवसातून चारदा, दर वेळी चाळीस ग्रॅम. किती खाल्लं, किती ठेवलं, किती पाणी प्याली, उलटी झाली का, सगळं वहीत. पाण्याच्या वाटीला मी आतून नेलपॉलिशने रेघ मारली होती, तुझ्याच जुन्या बाटलीतलं. दुपारचं खाणं चुकू नये म्हणून अंगणवाडीच्या सुट्टीत घरी पळत यायचे. केशरबाई म्हणायची, "इतकं तर तू मालकाचंबी केलं नसन." ती चेष्टेने म्हणायची. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही.

कारण बाबांचं मी केलं होतं, साक्षी. जेवढं कळत होतं तेवढं केलं. अकोल्याच्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते आणि नऊ दिवस मी त्यांच्या पायाशी. तुझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा आणि मी सांगायचे, आज पोळी खाल्ली, आज वरणभात खाल्ला, आज उठून बसले. त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मंगळवारी ते गेले. तुझा शेवटचा पेपर बुधवारी होता. बुधवारी दुपारी आम्ही त्यांना मातीआड केलं आणि हर्षलमामा तुला घेऊन संध्याकाळी पोचला. तुझ्या हातात दाढीचं सामान होतं, दवाखान्यात बाबांची दाढी वाढली असेल म्हणून तू नागपूरहून आणलेलं. दारातली चपलांची गर्दी पाहून तू तिथेच उभी राहिलीस. पुढचं मी लिहीत नाही, तुलाही ठाऊक आहे. तू एवढंच विचारलंस, "मले काहून नाही सांगितलं?" मी सांगितलं, बाबांचीच इच्छा होती, पोरीचे पेपर होईस्तोवर तिला काही कळू देऊ नका. तू विचारलंस, "बाबा असं म्हणाले?" मी म्हटलं, हो. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तेव्हापासून माझा फोन घेतला नाहीस आणि बाबांचं नावही काढलं नाहीस. तुझ्या पुण्याच्या खोलीत त्यांचा फोटो नाही, हे हर्षलमामाने मला सांगितलं.

म्हणून भुरीच्या बाबतीत मी ठरवलं होतं, एक ग्रॅमसुद्धा खोटं सांगायचं नाही. जुलैत दोन किलो आठशे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने वाटी चाटूनपुसून साफ केली, तेही लिहिलं. मग दोन किलो पाचशे चाळीस. सप्टेंबरात दोन किलो दोनशे नव्वद. दर आकड्यानंतर तुझे प्रश्न यायचे, औषध किती वाजता दिलं, खाणं कोमट करून दिलं का. मी उत्तरं द्यायचे. दुसरं काहीच बोलायचो नाही आपण, तरी रविवारची सकाळ माझ्यासाठी सणासारखी असायची. पाच ऑक्टोबरला काटा दोन किलो चाळीस ग्रॅमवर थांबला. तो फोटो पाठवला आणि तासभराने तुझं उत्तर आलं. "आई, तिले वाचव. तिथं माझं आता तेवढंच राह्यलं हाये."

साक्षी, भुरी नऊ ऑक्टोबरला गेली. गुरुवार होता.

सोमवारपासून तिने तोंड फिरवलं होतं. पाकिटातलं नको, उकडलेलं अंडं नको. बुधवारी मी तुझं न ऐकता बशीत दूध दिलं, तेही तिने नुसतं हुंगलं. गुरुवारी दुपारी आले तर ती न्हाणीच्या गार फरशीवर आडवी पडली होती. मांडीवर घेतली. सगळीकडे सोयाबीन काढायची घाई चालली होती, मळणीयंत्राचा आवाज येत होता, त्या आवाजाने ती नेहमी कॉटखाली पळायची. त्या दिवशी कानही हलवला नाही. चारच्या सुमारास दोन मोठे श्वास घेतले आणि मग घेतलाच नाही. तिला फार त्रास झाला नाही असं लिहिणार होते, पण मला ते माहीत नाही. ती शेवटी माझ्याकडे पाहत होती, एवढं मला माहीत आहे. केशरबाईने आणि मी मिळून तिला विहिरीजवळच्या लिंबोणीखाली पुरलं. केशरबाई म्हणाली, "पोरीले आजच सांगून टाक." मी म्हटलं, "रविवारी सांगतो."

रविवारी दहा वाजता तुझं प्रश्नचिन्ह आलं. नुसतं प्रश्नचिन्ह. मी मोबाईल पालथा ठेवला. मग उठले, काटा मांडला, टोपली ठेवली आणि तिच्या फडक्यात बटाटे बांधले. दोन किलो साठ व्हायला हवं होतं. एक बटाटा जड होत होता, तो काढून कांदा टाकला. फोटोत काट्याचे आकडे आणि टोपलीची कड एवढंच येऊ दिलं. तुझं उत्तर आलं, "वाढलं!" आणि त्यापुढे एक लाल बदाम. दोन वर्षांत तू मला पहिल्यांदा पाठवलेला.

मी काय केलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पण पुढच्या रविवारी तू विचारलंस, "तू जेवलीस का?" त्याच्या पुढच्या रविवारी मी तीस ग्रॅम वाढवले. तू भुरीचा फोटो मागितलास तर मी उन्हाळ्यातला पाठवला. दिवाळीनंतर तू फोन केलास. अकरा मिनिटं बोललीस, तुझ्या वॉर्डातल्या म्हातारीची गंमत सांगितलीस. हसलीस. म्हणालीस, "भुरीच्या कानाजवळ फोन धर ना." मी म्हटलं, "झोपली आहे." फोन ठेवला आणि बटाट्यांसमोर बसून रडले. अकोल्याहून पोळी खाल्ली, वरणभात खाल्ला म्हणणारी बाई आणि ही बाई एकच आहे, हे मला त्या दिवशी नीट दिसलं. काही म्हणता काही बदललं नव्हतं. असे सात रविवार झाले. या परवाच्या रविवारी बटाटे दोन किलो तीनशे वीस ग्रॅम भरले.

त्याच दिवशी तुझा मोठा मेसेज आला. नवीन खोली घेतली, घरमालकीणबाईंना मांजर चालते, आता भुरी प्रवास करण्याइतकी सुधारली आहे. हर्षलमामा येत्या रविवारी गाडी घेऊन पुण्याला येतो आहे, त्याच्यासोबत तिला पाठव. मी भीत भीत विचारलं, तूच न्यायला का येत नाहीस? तू लिहिलंस, "मले त्या घरात नाही होत, आई. भुरी इथं आली की मग तिकडं काही राह्यलंच नाही." तू रागाने लिहिलं नव्हतंस, म्हणून ते जास्त लागलं. म्हणजे भुरी असती तरी तिच्यासोबत सगळं संपणारच होतं. उद्या हर्षलमामाला सांगेन की इथून नेण्यासारखं काही नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. या रविवारी तुझा मेसेज येणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही, हे मी धरून चालले आहे. माफ कर असं लिहिणार नाही. एकदा केलं असतं तर लिहिलं असतं.

भुरीचं तुला कळलंच असतं, माझ्याकडून नाही तर हर्षलमामाकडून. पत्र लिहायला बसले ती वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. बाबा तसं म्हणाले नव्हते. तुला कळू देऊ नका, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. शनिवारी ते म्हणाले, "साक्षी कवा येते?" मी म्हटलं, पेपर आहेत. रविवारी माझा हात धरून म्हणाले, "पेपर पुन्हा देता येते वं. तिले बोलाव." मी हो म्हटलं, बाहेरच्या व्हरांड्यात गेले, फोन काढला आणि केला नाही. मला वाटत होतं ते उठतील. आणि तुझं वर्ष गेलं तर तू इथेच अडकशील, याचं मला त्यांच्या आजारापेक्षा जास्त भेव वाटलं. आत येऊन मी त्यांना सांगितलं, निघाली आहे. सोमवारी त्यांना बोलता येत नव्हतं, पण वॉर्डात कोणी पोरगी आली की मान तिकडे वळायची. मंगळवारी सकाळपर्यंत वळत होती. तू दोन वर्षं त्यांच्यावरही रुसून आहेस, की शेवटी बाबांनीही मला परकं केलं. त्यांनी तुला बोलावलं होतं, साक्षी. बोलावलं नाही ते मी. माझं नाव टाकलंस तरी चालेल, पण त्यांचा फोटो भिंतीला लाव.

तू म्हण किंवा म्हणू नकोस, तुझीच
आई
(सुकेशनी)