आईचा अंगठा

मलकापूर, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

आईचा अंगठा काही मनातून जात नाही. तिच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो, तर मशीनने तो तीनदा नाकारला. मी विज्ञानाचा मास्तर, तिथेच सुरू झालो. कातडीत पाणी धरून ठेवणारी अमिनो आम्लं वयानं कमी होतात, म्हणून अंगठा कोरडा पडतो, वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं, तेल लावलेल्या केसांवर अंगठा घासला आणि टेकवला. लगेच जमलं. मला राग आला, कशाचा कोण जाणे.

घरी आल्यावर तिने तोच अंगठा माझ्या गालावरून फिरवला. "तुही कातडीबी सुकून राह्यली रे," म्हणाली आणि तेलाची वाटी पुढे सरकवली.

या वेळी काही न समजावता लावून घेतलं.