एकोणीस नंबरचं चित्र

३ फेब्रुवारी, सोमवार

एकोणीस नंबर सापडत नाही!

सकाळपासून तीनदा स्टोअररूम उपसली. अठरा आहे, वीस आहे, मध्ये नुसती फट. चित्र केवढं, तर दोन पाट्यांएवढं. हार्डबोर्डवर काढलेलं. चित्रकर्तीने धाकट्या बहिणीला समोर बसवून रंगवलेलं. ती धाकटी म्हणजे आमच्या बाई – निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याऐंशी, अर्ध्या गावाला पाढे शिकवलेल्या. थोरली गेल्यावर सगळी चित्रं त्यांनी विश्वासाने आमच्या संग्रहालयात ठेवायला दिली. बावीस तारखेला त्याच चित्रांचं प्रदर्शन, आणि उद्घाटन बाईंच्याच हस्ते.

असेल इथेच कुठेतरी. जाणार कुठे?

४ फेब्रुवारी

नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंचा फोन. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येतोच, चुकत नाही. "कसं आहे माझं चित्र?" माझं उत्तरही ठरलेलं – छान आहे बाई, अगदी सुरक्षित. आजही तोंडातून तेच गेलं! आजवर न बघता बोलत होते, आज माहीत असून बोलले.

"खालच्या कोपऱ्यातला पोपडा आणखी सुटला नाही ना?"

नाही नाही, म्हटलं. फोन ठेवला आणि पुन्हा स्टोअररूमकडे गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवलं. भांडी घासता घासता आठवलं.

तीन वर्षांपूर्वी छत गळायला लागलं, तेव्हा चित्रं खालच्या खोलीत हलवायची होती. रंगाचे पोपडे उडू नयेत म्हणून एकोणीसच्या रंगीत बाजूवर मीच पातळ कागद खळीने चिकटवला. आमची नेहमीची पद्धत. नंतर ओलं फडकं फिरवलं की कागद सुटतो. ते 'नंतर' काही आलं नाही. त्याच महिन्यात मुलांची चित्रकला कार्यशाळा होती. बोर्ड कापून आणले पंचवीस, मुलं आली एकतीस! पाहुणे खुर्चीत येऊन बसलेले, पालक दारात, साहेब – आमचे संचालक – डोळे वटारून उभे. मी धावत खाली गेले आणि चित्रांना टेकवून ठेवलेल्या कोऱ्या बोर्डांच्या गठ्ठ्यातून सहा उचलून आणले. एकाला कागद चिकटलेला होता. मी म्हटलं, मागच्या बाजूने रंगव गं.

मागच्या बाजूला नंबर होता, पेन्सिलीतला, पुसट. कोण बघतंय तेव्हा!

'गं' म्हटलं, म्हणजे मुलगी. चेहरा काही केल्या आठवत नाही.

१० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. पेनचं टोपण काढघाल करत म्हणाले, "कुठे बोलू नका. चित्राचा जुना फोटो आहे ना? मोठा करून काचेमागे लावा. या वयात बाईंना काय दिसतंय!"

मी बरं म्हणाले. बरं!! मला काय झालं होतं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

कार्यशाळेचा ग्रुप फोटो मिळाला. आपापलं चित्र छातीशी धरून एकतीस मुलं, त्यांत सतरा मुली. नावनोंदणीच्या वहीत पत्ते आहेत. संग्रहालय बंद झालं की निघायचं.

आज चार घरं. एका घरी बोर्ड पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून. उचलून मागे बघितलं – कोरा. एक आई म्हणाली, "तीन वर्षांपूर्वीचं चित्र? अहो, आमच्याकडे काल आणलेली कात्री सापडत नाही!"

१५ फेब्रुवारी, शनिवार

दहा झाली. सगळे कोरे. हे स्कूटरवरून घेऊन हिंडताहेत मला. सहाव्या घरी म्हणाले, "निवडणुकीला उभी राहणार आहेस का? तसं सांग, पत्रकं छापतो." मी हसले आणि मागे बसून रडले. ह्यांनी आरशात बघितलं असणार. स्कूटर हळू चालवायला लागले.

१८ फेब्रुवारी

सोळा झाली. राहिली एक. फोटोत मागच्या रांगेत, दोन वेण्या, हातात हिरवा हत्ती. सोंड इतकी लांब की बोर्डावर मावेना, म्हणून पोटाखाली वळवून घेतलेली.

दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते होय? दोन वर्षं झाली गाव सोडून. जाताना निम्मं सामान वाटलं, निम्मं कचऱ्यात घातलं. पत्ता नाही दिला कुणाला."

संपलं. तिथेच पायरीवर बसले. एका माणसाने दुसऱ्या माणसाचा चेहरा जीव ओतून काढला, तो मी कचऱ्यात घातला. याला दुसरा शब्द नाही.

१९ फेब्रुवारी

फोटो मोठा होऊन आला. काचेमागे लावला, एकोणीसच्या जागी. लांबून खरा वाटतो! साहेब खूश. "बघा, उगाच जिवाला घोर लावून घेतला होता तुम्ही."

खालची पट्टी मी लिहिली – 'हार्डबोर्डवर तैलरंग'. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. त्याचीच किळस वाटली. बावीस वर्षं शाळेच्या पोरांना सांगतेय, चित्र कळलं नाही तर खालची पट्टी वाचा, पट्टीवर सगळं खरं लिहिलेलं असतं.

पट्टी फाडली. उद्या बाईंच्या घरी जाणार. नोकरी गेली तर गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले. वाटेत दोनदा परत फिरले होते. दार बाईंनीच उघडलं. मी तोंड उघडणार, तोच समोरच्या भिंतीवर नजर गेली.

हिरवा हत्ती.

"शिकवणीला यायची माझ्याकडे. गाव सोडताना आठवण म्हणून देऊन गेली," बाई म्हणाल्या. त्यांनीच बोर्ड काढून उलटा केला. कागद सोडवलेला. कोपऱ्यातला पोपडा जसाच्या तसा. "हत्तीच बाहेर ठेवते. मागची बाई फार चिडकी दिसते."

मला हुंदका आवरेना. म्हटलं, बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले.

"खोटं कुठे? छान आहे, सुरक्षित आहे. दोन वर्षं दर महिन्याला विचारतेय. वाटायचं, एकदा तरी म्हणाल – थांबा बाई, बघून सांगते."