पृथ्वीची ओढ

११ नोव्हेंबर १९३४, बोर्ली
दादा आज बोलला. पोफळीवरून पडला त्याला नऊ दिवस झाले. कमरेखाली काहीच कळत नाही. म्हसळ्याचा हाडवैद्य दोनदा येऊन गेला. "वाट बघा" म्हणाला. कशाची, ते नाही. दिवाळी तशीच गेली. वहिनी भरवते तेवढे दोन घास, बाकी तोंड भिंतीकडे.

दुपारी एकदम मला म्हणाला, "मास्तर, सगळं खालीच का पडतं? वर का न्हाय?"

जन्मात कधी मास्तर म्हटलं नव्हतं. त्यानं बागेत राबून मला सातवी पास केलं, शाळेत शिकवायला लागलो, तरी त्याला मी बाळाच.

म्हटलं, पृथ्वी ओढते.

"कशानं? दोर हाय?"

पुस्तकात बघून सांगतो, म्हटलं.

१२ नोव्हें.
शाळेत लक्ष नाही. भूगोलाचं पुस्तक दोनदा चाळलं. एक ओळ: पृथ्वीच्या अंगी गुरुत्वाकर्षण आहे. घरी येऊन वाचून दाखवली.

दादा: "हे त्याचं नाव झालं. मी इचारलं, ओढते कशी."

खरं आहे. चार वर्षं हीच ओळ फळ्यावर लिहितो आहे. वर्गात कुणी विचारलं नाही, मलाही कधी सुचलं नाही.

१४ नोव्हें.
खाट ओटीवर आणली. चारच्या सुमारास अर्धा चंद्र पोफळींच्या शेंड्यांवर. लख्ख ऊन असताना.

"ह्याला ओढत न्हाय काय ती?"

ओढते, म्हटलं.

"मंग पडत का न्हाय?"

वहिनी ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "भावजी, ह्यांना चार घास खायला सांगा. चंद्र पडो नायतर ऱ्हावो." डोळे भरले होते तिचे. मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. राग येत होता. कुणाचा, कळेना.

१८ नोव्हें. रवि.
काल शाळा सुटल्यावर चालत श्रीवर्धन. तिथे एक पेन्शनीतले गणिताचे मास्तर आहेत, आकाशाचा नाद असलेले. त्यांच्याकडेच मुक्काम. आज दुपारी परत. टाचा सोलल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. डोंगरावरून धोंडा आडवा फेकला की पुढे जात जात खाली येतो. जोर जास्त, तेवढा लांब. पण पृथ्वी गोल. जोर पुरेसा असेल तर धोंडा पडत राहील आणि जमीनही त्याच्याखाली वळत राहील. गाठ पडायची नाही. चंद्राचं तसंच. ओढते कशी, हेही विचारलं. म्हणाले, "किती ओढते ते मांडून देतो. का ओढते, मला माहीत नाही." बरं वाटलं. वाईटही.

दादाला सगळं सांगितलं.

"म्हंजे तो बी पडतोयच."

"हो."

"भुई लागत न्हाय, येवढंच."

तोंड भिंतीकडे. वाटलं, कशाला सांगितलं. तिन्हीसांजेला आपणहून पेज मागितली. वहिनीनं वाटीभर पाजली. माझ्याकडे बघितलं नाही.

२१ नोव्हें.
पडला कसा, ते आज कुणी न विचारता सांगितलं. एका पोफळीचे घड उतरवले की खाली यायचं नाही, तिथूनच झाड हलवून झोका घ्यायचा नि पुढची पोफळ धरायची, ही इथली रीत. "मी बी आडवाच गेलतो. खांदा दुखत व्हता. जोर कमी पडला."

खांदा दुखत होता.

हे इथे अजून लिहिलं नव्हतं. त्या सकाळी त्यानं मला निरोप दिला होता. झाडांवर चढणाऱ्या गोपाळला सांग, आज आमच्या बागेत ये, माझा खांदा धरलाय. मी गोपाळच्या दारावरूनच शाळेत गेलो. विसरलो. गोपाळ आला नाही, म्हणून दादा स्वतः चढला. आणि मी त्याला चंद्राचं...

२४ नोव्हें.
बदलीचा हुकूम. म्हसळा. एक तारखेला हजर व्हायचं. नाही म्हटलं तर नोकरी जाणार, आणि आता घर माझ्यावरच. गेलो तर वहिनी एकटीनं त्याला कुशीवर कशी वळवणार? तिला सांगितलं. "जा" म्हणाली नाही, "राहा" म्हणाली नाही. बागेच्या शिंपण्याला निघून गेली. दादाच्या खाटेपाशी तीनदा जाऊन आलो.

२८ नोव्हें.
दोन्ही सांगितलं. आधी बदली. मग गोपाळचं.

छपराकडे बघतच म्हणाला, "ठावं हाय. गोपाळ मला बघाया आलता, तवाच कळलं. त्याला निरोपच न्हवता."

म्हणजे पहिल्या आठवड्यातच. एवढे दिवस त्याला ठाऊक होतं. शिवी दिली असती तर.

३० नोव्हें.
ट्रंक भरली. गाडी सकाळी. दादाला पाणी दिलं, निघायचं धड बोललो नाही. त्यानंच विचारलं, "वर, लई लांब, जिथं कोनच ओढत न्हाय, अशी जागा हाय का? तिथं पाय नसले तरी चालंल."

म्हटलं, जितकं लांब जाऊ तितकी ओढ कमी होते. पार संपते की नाही, मला माहीत नाही.

"मंग इचार कुनाला तरी. आन् येऊन सांग. कागद धाडू नको."

बरं, म्हणालो. कधी येशील, हे त्यानं विचारलं नाही. वहिनीनं विचारलं.